बाळंतपणाची कोठी

सौंसर,
सप्टेंबर १९८६

प्रिय शोभे,

हे पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत शेगडीजवळ जाऊ नकोस. तुझे भाऊजी बाहेरच्या खोलीत बसले असतील, त्यांना बसू दे. चहा सुरेशराव करतील. रेल्वेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला चहा करता येत नसेल तर नोकरी कसली केली? तू आतल्या खोलीत खिडकीशी बस, पाय वर घे आणि सावकाश वाच. पुढे जे लिहिलं आहे ते घाण आहे. ते धुऊनपुसून तुझ्यापुढे ठेवायचं माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून जसं आहे तसंच लिहिते.

सुरेशरावांचं पत्र मागच्या आठवड्यात मिळालं. लिहितात, "ताई, शोभाचे नखरे फार वाढून राहिले. भाकरीला वास येते म्हणते, भिंतीला वास येते म्हणते, माझ्या ड्युटीच्या कपड्यांना तर हातही लावत नाही. तुम्हीच तिले समजवा, नाही तर बाळ उपाशी राहीन." वाचून मला तुझी काळजी वाटायला हवी होती. आधी शिसारी आली, ती त्यांच्या 'नखरे' या शब्दाची. सुरेशराव वाईट नाहीत, मला माहीत आहे. पण हा शब्द मी माझ्या वेळी इतका ऐकला, की अजून कोणी उच्चारला तर ओकारी येण्याआधी तोंडाला पाणी सुटतं ना, तसं सुटतं. गरोदर बाईचं नाक म्हणजे घरादाराच्या करमणुकीचा विषय. कोणी नाक मुरडतं, कोणी नक्कल करतं. ती काय हुंगते आहे ते मात्र एकानंही वाकून हुंगून पाहायचं नाही.

माझ्या वेळी काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. तू तेव्हा छिंदवाड्याला शिकत होतीस आणि तू आलीस तोवर सगळं उरकलं होतं. तेव्हा आम्ही बोरगावच्या बगीच्यातच राहत होतो. संत्र्याच्या बगीच्यातलं घर म्हटलं की आल्यागेल्याला फुलांचा सुगंध आठवतो. मला फवारणी आठवते. तुझे भाऊजी आणि त्यांचा भाऊ दिवसभर पाठीवर पंप घेऊन झाडांवर औषध मारायचे, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबलेला, पिचकारी टाकायला तेवढं तोंड उघडायचे. ढोरांच्या टाक्यात हात बुचकळले की झाले हात धुऊन, बसले ताटावर. ते ओले शर्ट माझ्या लुगड्यांशेजारी त्याच दोरीवर. आणि औषधाचे रिकामे डबे? एवढा चांगला डबा फेकायचा कसा! सासूबाईंनी एकात मीठ भरलं होतं आणि एकात माझ्यासाठी म्हणून गूळ. त्या गुळाला सडक्या लसणासारखा वास यायचा. मी तो खिडकीतून कोंबड्यांकडे फेकायची. कोंबड्याही बाजूला व्हायच्या.

फवारणीच्या दिवशी मी ओसरीवर असले तरी तोंडातून लाळ गळायची, घामानं पाठ भिजायची, समोरचं माणूस धूसर दिसायचं. एकदा मी पाण्याच्या घागरीसकट पडले. तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? "आमचा मनोहर सारा दिवस पंप पाठीवर घेऊन फिरते, त्याले काही होत नाही. तुले दुरूनच काऊन चक्कर येते वं?" हा प्रश्न फार चांगला होता, शोभे. त्यांनी तो टोमणा म्हणून मारला, आणि मीही तो टोमणा म्हणूनच गिळला.

शेवटी मायनं बाबांना पाठवलं आणि मला तिगावला नेलं. तिथे फवारणी नाही, मोकळी हवा, मायच्या हातचं जेवण. स्टेशनवर उतरले तेव्हा सुटले असं वाटलं. पहिले दोन-चार दिवस बरे गेले. मग एक दिवस माझ्या भाकरीला वास यायला लागला. कुबट. बंद पेटीत ओलं कापड कुजलं की येतो तसा, आणि त्याच्या तळाशी काहीतरी औषधी, कडवट. घास तोंडात फिरवत बसायचं, गिळला की घशाशी तसाच परत. वरणालाही तोच वास. शिरा केला, त्यालाही तोच. मी ताटावरून उठून मोरीत थुंकायची आणि पुष्पावहिनी भांडी घासता घासता हसायची. "आम्ही सारे हेच खाऊन राहिलो ना बाई, आम्हाले तर काही वास येत नाही." खरंच होतं. तिच्या ताटात तोंड घालून मी हुंगू शकत नव्हते. पांढुर्ण्याच्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं माझ्याकडे न पाहताच बाबांना सांगितलं, पहिलटकरीण आहे, लाड करून घेते आहे, भरवा बळजबरीनं.

आणि मायनं भरवलं. तुला तिचा हात माहीत आहे. दटावणार नाही, रागावणार नाही, नुसती समोर बसून डोळ्यांत पाणी आणणार. "एक घास माह्यासाठी, एक घास त्याच्यासाठी." मी नाक दाबून गिळायची. पोटातल्यासाठी गिळायची. थुंकलं तर माय रडते आणि गिळलं तर आत आग पडते, अशा त्या दिवसांत मला स्वतःचीच किळस यायला लागली होती. माझ्या अंगाला, घामाला, श्वासाला तोच वास येतो असं वाटायचं. मी दिवसातून तीनदा आंघोळ करायची आणि वहिनी विहिरीकडे पाहत सुस्कारे टाकायची.

आठव्या महिन्यात तो पोटातच थांबला. मुलगा होता. नाक बाबांसारखं होतं. याहून जास्त मला त्याच्याबद्दल लिहिता येत नाही आणि लिहिणारही नाही.

पण नंतरचं लिहिते. भेटायला येणाऱ्या बाया आठवतात. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली, दूध आलेलं आणि प्यायला कोणी नाही, छाती बांधून ठेवलेली. आणि त्या दारात बसून पान लावत बोलायच्या. गुणवंता मावशीनं निकालच लावून टाकला. "अन्नाले नावं ठेवली तिनं. रोज थुंकत जाय. अन्न रुसलं बाप्पा, दुसरं काय!" सगळ्यांनी माना हलवल्या. मायनंही हलवली. पिंक टाकायला मावशी उठली आणि जिथे मी थुंकायची त्याच मोरीत थुंकली. कोणाला काही वाटलं नाही. मला मात्र ते खरं वाटलं, शोभे. आजपर्यंत मी ताटात भाताचं शीत टाकलेलं नाही. आंबलेलं, विटलेलं, कसंही असो, हात जोडून खाल्लं. भाऊजी म्हणायचे, अगं फेक ते. मी फेकत नव्हते. मला वाटायचं, एकदा फेकलं त्याची शिक्षा झाली, आता पुन्हा नको.

मागच्या वर्षी मी हट्टानं बगीच्यातून बाहेर पडले, हे तुला माहीतच आहे. सासूबाई अजून बोलत नाहीत. इथे सौंसरला दोन खोल्या आहेत, बसस्टँड जवळ आहे, दिवसभर नागपूरच्या गाड्यांचा धूर येतो. पण तो धूर आहे हे निदान सगळ्यांना दिसतं. भाऊजी सायकलनं बगीच्यात जातात आणि आल्यावर कपडे बाहेरच्या बादलीत टाकून, साबणानं हात-तोंड धुऊन मगच उंबऱ्याच्या आत येतात. सुरुवातीला कुरकुर केली. मग मी एक दिवस तो शर्ट त्यांच्या उशीला खोळीसारखा घातला. तेव्हापासून कुरकुर नाही.

आता पोळ्याचं सांगते. यंदा पोळ्याला मी तिगावला गेले होते. दुसऱ्या दिवशी सगळे पांढुर्ण्याला गोटमारीची दगडफेक पाहायला गेले. मला ती रक्ताळलेली डोकी बघवत नाहीत, म्हणून मी मायजवळ थांबले. घरात आम्ही दोघीच. माय खुशीत होती, तुझ्या दिवसांचीच गोष्ट. मग मला हाताला धरून मागच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली, तिथे धान्याच्या ढोलीमागे एक पत्र्याची कोठी आहे, तिच्यावर गोधडी टाकलेली. मी ती कधी पाहिली नव्हती. मायनं गोधडी काढली, झाकण उघडलं, आणि शोभे, तोच वास आला. तोच. इतक्या वर्षांनी, दिवस गेलेले नसतानाही. मी झाकणाला धरून उभी राहिले.

माय हसत होती. मूठभर ज्वारी काढून तिनं माझ्यासमोर धरली. दाण्यांवर पांढुरकी भुकटी. "पाय वत्सला, एक तरी सोंडा दिसते का? घरच्या ढोलीत आम्ही निंबाचा पाला टाकतो, त्याले किडे लागतेतच. पण हे शोभीच्या बाळंतपणाचं हाय. याच्यात पावडर टाकली, चांगली दोन डाव भरून. ज्वारी, गहू, तुरीची डाळ, सारं वेगळं. तुह्याही वक्ती असंच ठेवलं होतं, कोनाले सांगितलं नाही. पुष्पीच्या डोळ्यावर आलं असतं."

कपाशीवर आणि ढोरांच्या गोचिडांवर टाकतात ती पावडर. माझ्या वेळी मी आल्यावर चार दिवसांनी मायनं वहिनीच्या नकळत माझं वेगळं दळून आणलं, माझी भाकरी वेगळ्या पिठाची थापली. म्हणून तो वास फक्त मलाच येत होता. वहिनीला वास कसा येणार? ती आणि बाकीचे सगळे निंबाच्या पाल्यातली किडकी ज्वारी खात होते. घरात चांगलं अन्न तेवढंच होतं.

मी मायला विचारलं, दोन डाव कशाला टाकलीस? ती म्हणाली, मधुकरदादाच्या जन्माच्या वेळी तिच्या मायनं बाळंतपणासाठी ज्वारी पाठवली होती, तिच्यात सोंडे निघाले. आपल्या आजीनं, म्हणजे मायच्या सासूनं, ते पोतं अंगणाच्या मधोमध ओतलं आणि शेजारणींना बोलावून दाखवलं, बघा हिच्या माहेरचं अन्न कसं चालत येतं ते. माय ओली बाळंतीण, दारात उभी राहून पाहत होती. "तवाच ठरवलं, माह्या लेकींच्या अन्नात किडा दिसला नाही पायजे." हे सांगताना तिच्या आवाजात केवढा अभिमान होता! मी तिच्या हातातली ज्वारी घेतली, रुमालात बांधली आणि सौंसरला नेऊन लावून बघते म्हणाले. माय म्हणाली, वेडी का तू, ज्वारी का बगीच्यात लावते कोणी.

तो रुमाल घेऊन मी नागपूरला मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गाठ सोडली, हुंगलं आणि रुमाल कागदावर सरकवून आधी हात धुतले. माझ्या नाकावर विश्वास ठेवणारं हे पहिलं माणूस. मग त्यांनी मला बसवून समजावलं. ते मी तुला माझ्या शब्दांत लिहिते. गरोदरपणात बाईचं शरीर आधीचं राहत नाही. रक्त वाढतं, मूत्रपिंडं जास्त गाळतात, काळजाचं, म्हणजे लिव्हरचं काम बदलतं. त्यामुळे बाहेरून आत गेलेल्या काही गोष्टी लवकर निघून जातात आणि काही उलट जास्त रेंगाळतात. फवारणीच्या काही औषधांचं विष मोडणारी द्रव्यं रक्तात असतात. या दिवसांत ती कमी पडतात. म्हणून जे औषध पाठीवर वाहून भाऊजी धडधाकट होते, त्याच्या नुसत्या वाफेनं मी घागरीसकट पडले. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे. आणि ती पांढरी पावडर तर पाण्यात विरघळतच नाही, अंगातल्या चरबीत जाऊन बसते, वर्षानुवर्षं. गरोदरपणात तिथून सुटते, वारेतून पोरापर्यंत पोचते, मग थोडी दुधातून उतरते. आपण समजतो, वार म्हणजे गाळणं. सगळं गाळलं जात नाही.

मी त्यांना सरळ विचारलं, माझं लेकरू यानंच गेलं का? त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. म्हणाल्या, "गेलं असं मी म्हणू शकत नाही. नाही गेलं असंही म्हणू शकत नाही. कोणी तपासलंच नाही." ओकाऱ्या विषाशिवायही होतात, तेव्हा प्रत्येक ओकारीला घाबरू नका, असंही म्हणाल्या. पण या दिवसांत नाक तीक्ष्ण होतं, ते जे सांगतं ते निदान ऐकून तरी घ्यावं. बाहेर येऊन मी दवाखान्याच्या भिंतीशी बसले आणि रडले. मला दुःख झालं होतं असं वाटेल तुला. मला संताप आला होता. ज्याची मला सगळ्यांनी लाज वाटायला लावली, ते माझं थुंकणं, तीच एक गोष्ट त्या घरात शहाण्यासारखी चालली होती.

तिगावला परत जाऊन बाबांना मी सगळं सांगितलं. ते टोपी हातात घेऊन बसून राहिले. दुसऱ्या दिवशी माय गुणवंता मावशीकडे गेली तेव्हा त्यांनी कोठीतलं धान्य पडीत जमिनीत खोल खड्डा करून पुरलं, पावडरीच्या पुड्याही त्यातच, आणि मायला सांगितलं, घुशीनं कोठी फोडली. पण शोभे, ते धान्य थोडं होतं. मोठा भाग तिथे नव्हताच. म्हणून हे पत्र. सुरेशरावांनी तू जेवत नाहीस हे जसं मला लिहिलं तसंच मायला लिहिलं. तिला तुझ्या येण्यापर्यंत दम धरवला नाही. तिनं कोठी उपसून ज्वारीचं पोतं आणि डाळीचं गाठोडं गावातल्या नत्थूजींच्या हाती पॅसेंजरनं आमल्याला तुझ्याकडे पाठवलं, हे मला काल बाबांकडून कळलं. पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून भाऊजींना धाडलं. त्यांना हे तुझ्यासमोर बोलता येणार नाही, ते लाजतील. ते पोतं तुझ्या स्वयंपाकघरात असेल. ते धुऊ नकोस, वाळवू नकोस, शेजारणीला देऊ नकोस, गायीलाही नाही. भाऊजी ते पुरून टाकतील. चार-दोन भाकऱ्या खाल्ल्या असशील तर भिऊ नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनोनमहिने तेच खाणं वाईट, आणि बाळाला अंगावरचं दूध मात्र नक्की पाजायचं. आता तू भाऊजींबरोबर इकडे निघून ये. बाळंतपण इथे सौंसरला होईल. मायलाही मी इथेच बोलावलं आहे, काही न आणता, नुसते हात घेऊन ये म्हणून. तिला खरं कारण कधी सांगायचं नाही, बाबांनी आणि मी ठरवलं आहे. वत्सलानं बाळंतपणाचा माझा मान हिसकावला असं ती गावभर म्हणेल. म्हणू दे. तिनं स्वतःच्या हातानं काय भरवलं ते तिला कळण्यापेक्षा ती जन्मभर माझ्यावर रुसलेली बरी. माझ्या डब्यात ज्वारी निंबाच्या पाल्यात आहे, तिच्यात सोंडे आहेत, चाळून घेऊ. आधी मला सोंड्यांची किळस यायची, आता एखादा चालताना दिसला की बरं वाटतं. आणि इथे आल्यावर तुला कशाचाही वास आला, माझ्या हातच्या भाकरीचा, मायच्या हातच्या शिऱ्याचा, कशाचाही, तर समोर कोण बसलंय ते पाहू नकोस. थुंकून टाक. अन्न रुसत नाही, शोभे.

दारात उभी राहून वाट पाहणारी,
तुझीच ताई,
वत्सला